आईचं मत

दादाचा फोन रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला यायचा. तोवर पुण्यात त्याचा नाश्ता झालेला असायचा आणि इथे बनारसला मी आईचं अंग पुसून, तिची चादर बदलून मोकळी झालेली असायचे. आई कशी आहे, बरी आहे, तुझं कसं चाललंय, ठीक आहे, एवढं दोन मिनिटांत उरकलं की तो विचारायचा, "मग, काय पाहिलंस या आठवड्यात?" तिथून पुढे अर्धा-पाऊण तास आम्ही सिनेमांबद्दल बोलायचो.

सवय जुनी होती. वडील रेल्वेच्या नोकरीत साताऱ्याकडून इकडे आले आणि इथलेच झाले. मुन्शी घाटामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. शाळेत असताना तो मला गोदौलियाच्या थेटरात दुपारच्या खेळाला घेऊन जायचा आणि परतताना घाटाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही पाहिलेल्या सिनेमाची चिरफाड करायचो. खलनायक पहिल्याच भेटीत नायकाला का मारत नाही, नायिकेची धाकटी बहीण मध्यंतरानंतर कुठे नाहीशी झाली. हसून हसून माझं पोट दुखायचं. दादाइतकं सिनेमातलं कुणाला कळत नाही अशी माझी त्या वयात खात्री होती.

पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला. तिथेच लग्न झालं, मुलगी झाली, घर झालं. मी इथल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत लागले. माझं लग्न झालं नाही. वडील गेले तेव्हा आई सत्तरीची होती, आणि आता तिने कुठे राहायचं हा प्रश्न कुणी काढलाच नाही. दादाने विचारलं नाही, मी बोलले नाही. वहिनी तेवढ्या एकदा म्हणाल्या की आईंना तिकडची हवा मानवायची नाही. पुण्याची हवा न मानवलेलं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही, पण मी मान डोलावली. असे एकेक विषय आमच्यात बंद होत गेले आणि शेवटी सिनेमा तेवढा उरला. सिनेमावर कितीही वाद घातला तरी फोन ठेवल्यावर कुणाला काही करावं लागत नाही.

खरी मतं असायची ती आईची. एखाद्याच्या घरी गेल्यावर बायका जशा नजर फिरवतात तशी ती सिनेमा बघायची. गोष्टीपेक्षा मागच्या भांड्याकुंड्यांकडे तिचं लक्ष जास्त. गरीब घरातल्या एका सिनेमावर ती म्हणाली, "गरिबी दाखवलीय, पण एका तरी बटलोईला पोचा आहे का बघ." बटलोई म्हणजे तिचं पातेलं. दुसऱ्या एका सिनेमात चार दिवस लग्न चाललं होतं. त्यावर तिचं म्हणणं असं की एवढे पाहुणे घरात, आणि नळाला पाणी आलं का हे एकदाही कुणी विचारलं नाही. आमच्याच शहरावर काढलेला एक सिनेमा सगळ्यांनी डोक्यावर घेतला होता. तो संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "गाय एकच आहे. तीच तीन गल्ल्यांतून फिरवलीय." मी सिनेमा मागे नेऊन बघितलं, तर तिन्ही ठिकाणी तेच एक मोडकं शिंग.

तीन वर्षांपूर्वी आई मोरीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आमच्या गल्लीत गाडी येत नाही. शेजारच्या चौघांनी तिला खुर्चीत बसवून जिना उतरवला आणि तसंच रस्त्यापर्यंत नेलं. ऑपरेशनसाठी दादा आला. चार दिवस राहिला. डॉक्टरांना त्याने पुष्कळ प्रश्न विचारले, एका वहीत उत्तरं लिहून घेतली, आणि पाचव्या दिवशी ती वही माझ्या हातात देऊन गेला. पंधरा दिवसांनी एक भलामोठा टीव्ही आला. दोन हमाल तो डोक्यावर घेऊन गल्लीतून आले आणि जिन्याच्या वळणावर अडकले, तेव्हा खालच्या बिऱ्हाडाचा दरवाजा काढावा लागला. टीव्ही आईच्या खाटेसमोर लागला. दादा फोनवर म्हणाला, आता आईचा वेळ छान जाईल.

आणि वेळ खरंच छान गेला, हे मला कबूल करायला हवं. दिवसभर तिला सांभाळायला पलीकडच्या गल्लीतली एक विधवा बाई येत असे. पन्नाशीची, कमी बोलणारी. दुपारी त्या दोघी मिळून एक सिनेमा बघायच्या. संध्याकाळी मी लायब्ररीतून आले की खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आत आई तिचं मत सांगायला सुरुवात करायची. रविवारी मी ते दादाला सांगितलं की तो पोट धरून हसायचा. मग एकदा त्याने ते आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं.

या ग्रुपवर पुण्याचे, नागपूरचे, इंदूरचे मिळून पंचवीस-तीस जण. रोज कुणी ना कुणी काय पाहिलं ते सांगायचं. छान आहे, एकदा बघायला हरकत नाही, संगीत बरं आहे, असं. त्यात आईचं वाक्य पडलं आणि सगळे जागे झाले. दादाने दर रविवारी 'आईचं मत' असं डोक्यावर लिहून ते टाकायला सुरुवात केली. मला म्हणाला, तू तिच्या शब्दांत लिहून पाठवत जा, मी टाकतो. मी लिहून पाठवू लागले. आधी तो आईची भाषा दुरुस्त करायचा. जवळजवळ साठ वर्षं बनारसला काढल्यावर तिच्या भाजीची सब्जी झाली होती आणि उशीचा तकिया. दादा सब्जीची पुन्हा भाजी करायचा. मग इंदूरच्या मावसभावाने लिहिलं की मावशीचं बनारसी मराठी ऐकून वर्षं झाली. त्यानंतर दादाचा निरोप आला, दोन-चार हिंदी शब्द असू देत, लोकांना मजा येते.

लोक आईचं कौतुक करायचे, आणि त्याहून जास्त दादाचं. आईशी किती गप्पा मारतोस रे, आमची मुलं शिकतील का काही, असं एका आत्याने लिहिलं. दादाने त्यावर जोडलेले हात टाकले. मी ते लायब्ररीत बसून वाचलं आणि फोन खणात ठेवून दिला. प्रत्यक्षात दर रविवारी मी दोन मिनिटं फोन आईच्या कानाला लावायचे. ती विचारायची, कधी येणार. तो म्हणायचा, मार्च संपू दे. मार्च संपला की मुलीची परीक्षा, मग ऑफिसातलं काही. आई म्हणायची, बरं, जेवलास का? आणि फोन माझ्याकडे द्यायची.

गेल्या वर्षी पितृपक्षात आईला ताप आला. आठवड्याने तो उतरला, पण ती काही पूर्वीसारखी परतली नाही. बोलणं हळूहळू आटत गेलं आणि महिन्याच्या आत थांबलं. टीव्ही चालू असायचा आणि ती टीव्हीशेजारच्या भिंतीकडे बघत असायची. मी विचारलं, कसा होता सिनेमा, तर अशी बघायची की मी कुठल्या तरी दूरच्या नातेवाइकाची चौकशी करतेय. सांभाळणारी बाई एक दिवस मला जिन्यात गाठून म्हणाली, "दीदी, अम्मा अब देखती नहीं हैं. हम ही देखते रहते हैं."

त्या रविवारी मी दादाला सगळं सांगितलं. बोलत नाही, खाणं कमी झालंय, डॉक्टर म्हणतात वय झालं. त्याने ऐकून घेतलं. औषधांची नावं विचारली. मग म्हणाला, "आणि या आठवड्याचं मत?"

मी म्हटलं, ती काहीच म्हणाली नाही. तो खट्टू झाला, आवाजावरून कळत होतं. एखादी तरी ओळ बघ, तिला जरा छेडून बघ, लोक विचारतायत, असं म्हणाला.

त्या दुपारी मी एक ओळ लिहून पाठवली. का पाठवली याचा मी पुष्कळ विचार केला आहे. खाटेवरची आई संपत चालली होती आणि त्या ग्रुपवरची आई ठणठणीत होती. तिथली तरी राहू दे असं वाटलं असेल. दुसरं कारणही मला माहीत आहे. माझ्या कुठल्याच वाक्यावर आयुष्यात तीस माणसं एकदम हसली नव्हती. डॉक्टर नायकाचा एक सिनेमा होता, त्यावर मी आईच्या नावाने लिहिलं, "हा सारखा पेशंटच्या डोळ्यांत बघतो. नाडी केव्हा बघणार?" सगळे खूश झाले. पुढच्या रविवारी दादाने विचारायच्या आत माझी ओळ तयार होती.

असं तीन महिने चाललं. दुपारी बाईने काय पाहिलं ते मी तिला विचारायचे, कधी सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर बसून बघायचे, आणि आईने काय म्हटलं असतं ते लिहायचे. मला ते चांगलं जमायचं. आईची नजर मी पन्नास वर्षं बघितली होती. पण हळूहळू त्यात माझंच काहीतरी शिरायला लागलं. नागपूरच्या चुलतभावाने लिहिलं, काकू हल्ली फार कडक झाल्यात.

मार्गशीर्षात एक सिनेमा आला. परदेशातला मुलगा आजारी आईसाठी गावी परततो, तिच्या मांडीवर डोकं ठेवतो, ती त्याच्या केसांतून हात फिरवते आणि प्राण सोडते. ग्रुपवर सगळ्यांनी पाहिला होता आणि सगळे रडले होते. दादाने लिहिलं होतं की बऱ्याच दिवसांनी एवढा रडलो. मी आईच्या उशाशी बसून लिहिलं, "मुलगा शेवटच्या दहा मिनिटांत येतो आणि सगळं श्रेय घेऊन जातो. तीन तास तकिया बदलणारी ती बाई कोण होती? शेवटच्या पाट्यांमध्ये तिचं नाव तरी घाला."

पाच मिनिटांत ते ग्रुपवर आलं. खाली दादाने हसणारे चार चेहरे टाकले होते.

त्याला लागलं असेल का, हे बघायला मी रविवारची वाट पाहिली. फोनवर तो म्हणाला की आजवरच्या मतांत हे सगळ्यात झकास.

तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं की दादा, तू ये. ती मलाही कधीकधी ओळखत नाही. तो म्हणाला, "अगं, परवा एवढं मस्त बोलली, आणि ओळखत नाही कसं? तू दमलीयस, म्हणून तुला तसं वाटतंय. आठवडाभर रजा घे."

त्या क्षणी एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. लाज वाटली हे खरं, पण लाजेपेक्षा राग जास्त होता. खरी आई कुठली हे मुलाला फोनवर न सांगता कळायला हवं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. मी फोन तिच्या कानाला लावायचे. तो म्हणायचा, आई, कशी आहेस? ती श्वास घ्यायची. तो म्हणायचा, झोपली वाटतं, राहू दे, उठवू नकोस.

जानेवारीत आई गेली. आठवडाभर असं धुकं होतं की समोरच्या घराची खिडकी दिसत नव्हती. मंगळवारी सकाळी मी तिला चमच्याने चहा पाजत होते. दोन चमचे तिने गिळले. तिसरा ओठांच्या कडेने बाहेर आला. मी पदराने पुसला आणि चौथा भरला, तेव्हा बाईने माझा हात धरला. तिला माझ्याआधी कळलं होतं. तिनेच आईचे डोळे मिटले.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, निघतो. दुपारी बारापर्यंत तो दिल्लीला पोहोचला होता आणि दिल्लीहून बनारसची सगळी विमानं धुक्यामुळे रद्द होती. आमच्या गल्लीत एक वयस्क मराठी गुरुजी राहतात, तेच सगळं बघत होते. थंडी आहे, उद्या सकाळपर्यंत थांबता येईल, असं ते म्हणाले. दादाही फोनवर तेच सांगत होता. थांबा, मी रस्त्याने येतो, गाडी बघतोय.

मी नाही म्हटलं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ती तीन वर्षं थांबली होती. आता नाही.

मी स्वतः अग्नी देणार म्हटल्यावर दोन-तीन शेजारी कुजबुजले. गुरुजी मला म्हणाले, चल. घाटाघाटाने आम्ही आईला नेलं. अहिल्याबाई घाटावर त्या थंडीतही माणसं बुडी मारून कुडकुडत वर येत होती आणि आम्हाला बघून बाजूला होत होती. मणिकर्णिकेवर धुकं आणि धूर वेगळे ओळखू येत नव्हते. लाकडं दमट होती. चिता पेटता पेटेना. राळ टाकली, तूप ओतलं, पुन्हा राळ टाकली. तासाभराने ज्वाळा वर आल्या. मी पायऱ्यांवर बसून राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यातलं धुराचं किती ते मला सांगता यायचं नाही.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचला, दाढी वाढलेली, कपडे चुरगळलेले. आईच्या रिकाम्या खाटेवर बसून तो लहान मुलासारखा रडला. त्या रडण्यात काही खोटं नव्हतं. मला ते खोटं असायला हवं होतं. रडणं थांबल्यावर तो म्हणाला, थांबली असतीस तर. मी म्हटलं, हो.

तेराव्याला पुण्याहून वहिनी आणि त्यांची मुलगी, नागपूरचा चुलतभाऊ, इंदूरचा मावसभाऊ असे सात-आठ जण आले. जेवणं झाल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसले आणि कुणीतरी आईच्या मतांचा विषय काढला. चुलतभावाने फोन उघडून ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली. गाय एकच आहे, यावर सगळे हसले. बटलोईच्या पोच्यावर हसले. मग डॉक्टरचं आलं. मग एकेक करून पुढची सगळी. शेवटी तकिया बदलणाऱ्या बाईचं. वाचून झाल्यावर चुलतभावाने फोन खाली ठेवला. डोळे पुसत तो म्हणाला, काकूंसारखं कुणी बघणार नाही आता.

दादा सगळ्यांना म्हणाला, "शेवटपर्यंत डोकं शाबूत होतं तिचं. आनंदात गेली. आपल्याला तेवढंच समाधान."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. बाई मोठी पातेली घासत होती. मागोमाग दादा पाणी प्यायला आला. मी त्याला पेला भरून दिला आणि म्हटलं, "दादा, कोजागिरीनंतर आई एक शब्द बोलली नाही."

"म्हणजे?"

"मतं मी लिहीत होते."

तो पेला धरून उभा राहिला. बाहेर कुणीतरी पुन्हा गाईचं वाक्य म्हणत होतं. त्याने विचारलं, "ते तकियाचंसुद्धा?"

"तेही."

"म्हणजे माझ्यावर लिहिलं होतंस."

"तू त्यावर हसला होतास."

त्याने पेला ओट्यावर ठेवला. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तो अगदी हळू बोलत होता. "मला खरं कळलं असतं तर मी आलो असतो. तीन महिने तू मला दाखवत राहिलीस की आई मजेत आहे. माझी शेवटची भेट तू घालवलीस."

मी म्हटलं, "मी दर रविवारी तुला सांगत होते. तू दर रविवारी मत मागत होतास."

बाईने नळ बंद केला, हात पुसले आणि आमच्याकडे न बघता बाहेर गेली. दादा अजून काही बोलेल असं मला वाटलं. तो बाहेर जाऊन सगळ्यांत बसला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर तोही निघाला. जाताना त्याने आईचा चष्मा मागितला. मी दिला.

या गोष्टीची मनातल्या मनात मी किती वेळा सुनावणी घेतली असेल. तो आला नसताच. मार्चनंतर मेचं काही निघालं असतं आणि मेनंतर आणखी कशाचं. बहुतेक दिवस मला याची खात्री असते. काही दिवस नसते. एखाद्या सकाळी चहा करताना एकदम वाटतं की दिवाळीत मी नुसतं एवढंच लिहिलं असतं की आईला आज काही कळत नाही, ये, तर कदाचित तो पुढच्या गाडीत बसला असता. मग दूध उतू जातं.

रविवारचे फोन थांबले. ग्रुप महिनाभर गप्प होता, मग हळूहळू पुन्हा सुरू झाला. हा ठीक आहे, तो रटाळ आहे, याचं संगीत बरं आहे. माझ्याशी सगळे पूर्वीसारखेच बोलत होते, त्यावरून दादाने कुणाला काही सांगितलं नसावं. जूनमध्ये दादाने पहिल्यांदा लिहिलं. बनारसला चित्रण झालेला एक नवा सिनेमा त्याने पाहिला होता. ते चित्रण चाललं होतं तेव्हा आमचा घाटाकडचा रस्ता दोन दिवस दोऱ्या लावून अडवला होता आणि मी लांबच्या वाटेने लायब्ररीत गेले होते. दादाने लिहिलं होतं, "बनारसचं छायाचित्रण अप्रतिम. आईच्या अंत्यसंस्काराचा प्रसंग अंगावर येतो. शेवट मात्र थोडा ताणलाय. एकदा बघायला हरकत नाही."

खाली लोकांनी हात जोडले, मिठ्या पाठवल्या. समजू शकतो रे, असं लिहिलं.

मी लायब्ररीच्या टेबलाशी बसून ते दहा वेळा वाचलं असेल. ताणलाय या शब्दापाशी माझी नजर अडकत होती. उत्तरात मी काय काय लिहिलं आणि पुसलं. समोर दोन विद्यार्थिनी पुस्तकावर शिक्का मारून घ्यायला उभ्या होत्या, त्यांना मी चुकीची तारीख मारून दिली.

रविवारी मी तो सिनेमा बघितला. मणिकर्णिकेचा प्रसंग सात-आठ मिनिटांचा होता. नायक चितेला अग्नी देतो आणि चिता भपकन पेटते. आकाश निळं, लाकडं कोरडी, नायकाच्या पांढऱ्या धोतरावर राखेचा कण नाही. मला हसू आलं. ही चिता अशी पेटत नाही रे, हे सांगायला माझा हात फोनकडे गेला. घाटाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही हा प्रसंग पार उसवला असता. दादाला याच्यातलं काही माहीत नव्हतं. तो त्या दिवशी दिल्लीच्या विमानतळावर बसून होता, आणि त्याला तिथे बसवून ठेवण्यात धुक्याबरोबर माझाही हात होता. मी फोन पालथा ठेवला.

ऑगस्टमध्ये दादाच्या मुलीचा फोन आला. वीस वर्षांची, कॉलेजात शिकते. तिने याआधी मला आपणहून कधी फोन केला नव्हता. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "आत्या, बाबा म्हणतात तू आजीच्या नावाने खोटं लिहायचीस. खरंय का?"

मी म्हटलं, खरं आहे. आणि विचारलंच आहेस तर सगळं ऐक. आई घसरली तिथपासून चहाच्या चमच्यापर्यंत मी तिला सांगितलं. तिच्या बापाने काय केलं ते सांगितलं, मी काय केलं तेही सांगितलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ कशी होते, तेसुद्धा सांगितलं. तेवढं बोलायला नको होतं कदाचित. पाऊण तासाने मी थांबले, तेव्हा तिने विचारलं, "आजी शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाली होती का?"

एक वाक्य द्यायला माझं काही जात नव्हतं. आईच्या तोंडचं वाटेल असं वाक्य मला त्याच क्षणी सुचलंही होतं. त्यात एक हिंदी शब्दही होता.

मी म्हटलं, "नाही बाळा. ती कुणाबद्दलच काही म्हणाली नाही."

ती बरं म्हणाली. फोन ठेवते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा निरोप आला, सात महिन्यांत पहिला. "तिला हे सगळं सांगायची गरज नव्हती. कालपासून ती जेवलेली नाही." मी तो वाचला. त्याला तो वाचल्याचं दिसलंही असणार. उत्तर मी दिलं नाही, आणि त्यानेही पुढे काही लिहिलं नाही. मुलगी पुन्हा फोन करेल असं मला वाटत होतं. तिने केला नाही.